दाढेच्या खळग्यात भरलेले सिरॅमिकचे दाणे : ११ महिन्यांनंतर

खालची उजवी पहिली दाढ मुळापासून चिरली होती. रूट कॅनाल जुनं, आत पू झालेला. दाढ काढली तेव्हा गालाकडची हाडाची भिंतच विरघळून गेलेली होती. इम्प्लांटचा, म्हणजे कृत्रिम दाताच्या मुळाचा, स्क्रू धरायला हाड नाही म्हणून खळग्यात सिरॅमिकचे दाणे भरले. जाड रव्याएवढे पांढरे दाणे, त्यांत ६० टक्के हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट आणि ४० टक्के बीटा ट्रायकॅल्शियम फॉस्फेट, दोन्ही कॅल्शियम आणि फॉस्फेटची संयुगं. डॉक्टरांनी ते माझ्याच रक्तात कालवून भरले, वर कोलॅजनचा पातळ पडदा आणि टाके.

पहिला आठवडा वाईट गेला. चौथ्या दिवशी चूळ भरताना दोन-तीन दाणे तोंडात आले. क्लिनिकचा फोन दुसऱ्या दिवसापर्यंत कुणी उचलला नाही. सुटे दाणे थोडेफार बाहेर येतात, हे आधी सांगितलं असतं तर ती रात्र जागून काढावी लागली नसती.

हे दाणे स्वतः हाड बनवत नाहीत, आणि मला वाटतं पेशंटने हेच सगळ्यात आधी समजून घ्यावं. रक्तातली प्रथिनं दाण्यांना चिकटतात आणि त्यांना धरून पेशी बसतात. ऑस्टिओक्लास्ट, म्हणजे हाड कुरतडणाऱ्या पेशी, ट्रायकॅल्शियम फॉस्फेट हळूहळू खातात, काही ते आपणहून विरघळतं. मोकळ्या झालेल्या जागेत ऑस्टिओब्लास्ट नवं हाड घालतात. हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट मात्र वर्षानुवर्षं टिकतं, कारण ते फारच हळू विरघळतं; आपल्या हाडातलं खनिजही जवळपास त्याच जातीचं आहे. गवंडी काम संपल्यावर परांची उतरवतो, इथे निम्मी परांची भिंतीतच चिणली जाते. शिवाय नवं हाड खळग्याच्या कडांकडून आत सरकतं, मधला भाग सगळ्यात शेवटी भरतो. घाई करू नका म्हणतात ते यासाठी.

मी तंबाखू खायचो. निकोटिनने रक्तवाहिन्या आवळतात, आणि रक्त पोचलं नाही तर या पेशी जगणार कशा? दाढ काढायच्या तीन आठवडे आधी सोडली, ती सुटलीच. जे खातात त्यांना हात जोडून सांगतो, दाण्यांवर पैसे घालण्याआधी हे करा.

सहाव्या महिन्यात स्कॅन केला. पांढरे ठिपके अजून दिसत होते, पण त्यांच्या मधली जागा भरली होती. भोक पाडताना डॉक्टर म्हणाले, "हाड चांगलं घट्ट लागतंय." टायटॅनियमचा स्क्रू बसला. पुढे चार महिने थांबून कॅप बसवली, त्यालाही आता महिना झाला. भाकरी, शेंगदाणे दोन्ही चावतो. गालाकडची हिरडी किंचित खोल राहिली आहे, घास तिथे अडकतो, रोज बारीक ब्रश फिरवावा लागतो.

दाण्यांच्या पाकिटावर बॅच नंबरचं स्टिकर असतं. ते मागून घ्या आणि फाइलला चिकटवून ठेवा. मी चौथ्या महिन्यात मागितलं, तेव्हा शोधायला बराच वेळ गेला.