डायलिसिस सेंटरचा रिव्ह्यू: मशीन राहू द्या, सिस्टर कशा आहेत ते बघा

आईचं हिमोडायलिसिस चालू आहे, आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास, आणि हे आमचं दुसरं सेंटर. नावं टाकत नाही, कारण आधीच्या ठिकाणाबद्दलही बोलणारे आणि मला भांडणं नकोत. मशीन दोन्हीकडे सारखंच, त्यामुळे हा रिव्ह्यू नर्सिंगचाच समजा.

आधीच्या सेंटरला फिस्टुलाच्या (डायलिसिससाठी ऑपरेशन करून हातातली धमनी शिरेला जोडतात, तो भाग) त्याच त्याच जागी सुया टोचायचे. तिथं टोचायला सोपं जातं आणि दुखतंही कमी, म्हणून पेशंटही काही बोलत नाही. पण एकाच पट्ट्यात टोचत राहिलं की शीर तिथं कमकुवत होऊन फुगते. आईच्या हातावर तसा फुगा आला तेव्हा 'होतं असं' एवढंच ऐकायला मिळालं. इथं पहिल्याच दिवशी सिस्टरनी हात उजेडात धरला, फिस्टुलावर बोटं ठेवून थरथर (आतून रक्त नीट वाहत असल्याची खूण) लागते का बघितलं, मग स्टेथोस्कोप लावून आवाज ऐकला, लाली-सूज बघितली आणि फुगलेला भाग सोडून नवीन जागा शोधली. आता दर वेळी शिडी चढल्यासारखं थोडं थोडं वर सरकतात. त्या हाताला बीपीचा पट्टा लावू द्यायचा नाही, त्यातून रक्त काढू द्यायचं नाही, आणि घरी थरथर लागेनाशी झाली तर पुढच्या टर्नची वाट न बघता लगेच फोन करायचा, हे आईकडून अक्षरशः पाठ करून घेतलंय.

अंगात साठलेलं पाणी मशीनने काढायच्या बाबतीत तर जमीन-अस्मानाचा फरक. आधी जेवढं वजन वाढलंय तेवढं सगळं त्याच दिवशी खेचायचे, मग शेवटच्या तासात पायात गोळे, बीपी खाली, आणि दुसरा दिवस आई आडवीच. इथं वजन सिस्टर स्वतः काट्यावर बघतात आणि ताशी किलोमागे १३ मिलीच्या आत राहायचा प्रयत्न करतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाचं चार तासांत फार तर ३ लिटरच्या जरा वर. त्यापेक्षा जास्त साठलं असेल तर डॉक्टरांना विचारून वेळ वाढवतात नाहीतर जादा सेशन लावतात, आणि हो, आईला ओरडा पण बसतो (बसायलाच पाहिजे, मी 'पाणी कमी पी' सांगून थकले). मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे आईला जांभया यायला लागल्या की सिस्टर बीपी बघायला हजर, कारण बीपी पडायच्या आधी बऱ्याच जणांना जांभया येतात म्हणे. मग पाणी काढणं थांबवतात, पाय वर करतात, लागलं तर सलाईन, आणि कधी कधी डॉक्टरांना विचारून मशीनचं टेंपरेचर अर्धा डिग्री कमी करतात.

एसीमुळे सगळे पेशंट कुडकुडत असतात, पण फिस्टुलाचा हात पांघरुणाखाली घेऊ देत नाहीत. आईला हे जाचक वाटायचं. कारण विचारलं तर कळलं की मिनिटाला ३०० मिलीच्या आसपास रक्त लाईनमधून फिरत असतं, परतीची सुई निसटली तर काही मिनिटांत लिटरभर जाऊ शकतं, आणि मशीनचा प्रेशर अलार्म दर वेळी वाजेलच असं नाही. तेव्हापासून आई स्वतःच शेजारच्यांची पांघरुणं सरकवत असते 😄

आता तक्रारी. शिफ्ट बदलताना सगळी घाई होते, एक पेशंट उठत नाही तोवर दुसरा दारात, आणि सुई काढल्यावर दाबून धरायचं काम नातेवाईकांवर येतं. कसं दाबायचं ते मला शिकवलं, रक्त थांबेल एवढंच, खालची थरथर बंद पडेल एवढं नाही, पण सगळ्यांना शिकवतात असं दिसलं नाही. सुट्टीच्या दिवशी स्टाफ कमी असतो, अलार्म वाजला की काही जण आधी म्यूट करतात आणि मग पेशंटकडे बघतात, हे मला अजिबात पटत नाही आणि तसं मी हेड सिस्टरना तोंडावर सांगितलंय.

महिन्याच्या रिपोर्टचंही तसंच. तीन वेळा डायलिसिस घेणाऱ्याचा यूआरआर (एका सेशनमध्ये रक्तातला युरिया किती टक्के कमी झाला ते) ६५ टक्क्यांच्या वर आणि केटी/व्ही (डायलिसिस पुरेसं झालं का ते सांगणारा आकडा) १.२ च्या वर हवा, पण आईचे आकडे आपणहून कोणी सांगत नाही, मागितले की मात्र लगेच प्रिंट काढून समजावून देतात. चार स्टार.