डार्कटेबल: आठ महिन्यांचा वापर आणि पडद्यावर चिकटवलेला काळा दोरा

हा अनुभव मी फेब्रुवारीतच लिहायला घेतला होता आणि तेव्हा तो बराच कडवट झाला असता. मग ऑगस्टमध्ये लॅपटॉपची एसएसडी (आतली साठवणीची डिस्क) एका रात्रीत बंद पडली, सेवा केंद्रात एकोणीस दिवस आणि बरेच वाद खर्ची पडले, आणि त्या वादांच्या शेवटी ज्या गोष्टीने मला वाचवले ती नेमकी हीच फुकट मिळणारी प्रणाली निघाली. डार्कटेबल काय आहे हे इथे वाचणाऱ्यांना सांगायला नको. २००९ पासून चालत आलेली, मुक्त परवान्याची, रॉ फाइलींवर, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या कच्च्या छायाचित्रांवर काम करणारी संगणक-प्रणाली, एवढे पुरे. मी ती कशासाठी वापरतो ते मात्र सांगायला हवे, कारण माझा वापर फार अरुंद आहे.

मी माहीमला राहतो. गेली तीन वर्षे संध्याकाळी दादर चौपाटीवर किंवा माहीमच्या किनाऱ्यावर जाऊन वांद्रे-वरळी सागरी सेतूची छायाचित्रे काढतो. विषय एक, जागा दोन-तीन, लेन्स एकच. त्यामुळे माझ्याकडे वेगवेगळ्या छायाचित्रांचा संग्रह नाही, तर एकाच छायाचित्राची शेकडो भावंडे आहेत, आणि त्यांतून एक निवडणे हेच माझे खरे काम आहे. आधी मासिक वर्गणीची प्रणाली वापरत होतो. दर महिन्याला खात्यातून पैसे जात आणि मी त्या महिन्यात चार संध्याकाळीसुद्धा बसलेलो नसे, ही गोष्ट मला सहन होईना, म्हणून जानेवारीत वर्गणी बंद केली.

पहिले दोन आठवडे वाईट गेले. कॅमेऱ्याच्या पडद्यावर तांबूस, भरलेले दिसणारे आकाश डार्कटेबलमध्ये उघडल्यावर राखाडी आणि निर्जीव दिसे. प्रणाली रंग खाते, असे मी ठरवूनही टाकले होते. ते चुकीचे होते. कॅमेऱ्याच्या पडद्यावर दिसते ते कॅमेऱ्याने स्वतःच्या आवडीने शिजवलेले जेपीजी असते, आणि डार्कटेबल मूळ माल जवळजवळ कच्चाच समोर ठेवते. एक्स्पोजर, कलर कॅलिब्रेशन, फिल्मिक आणि कलर बॅलन्स या चार मोड्यूलांवर, म्हणजे उजेड आणि रंग बदलण्याच्या साधनांवर, हात बसायला मला दीड महिना लागला. त्यानंतर इतर मोड्यूल मी फारसे उघडलेच नाहीत.

खरा उपयोग सापडला तो लाइटटेबलमधल्या (छायाचित्रे चाळण्याच्या पडद्यावरच्या) कलिंगमध्ये, म्हणजे निवड-छाटणीच्या दृश्यात. छायाचित्रे निवडून एक्स ही कळ दाबली की ती शेजारी शेजारी उभी राहतात. कंट्रोल दाबून माउसचे चाक फिरवले की सगळी एकदम मोठी होतात आणि एकाला सरकवले की बाकीचीही तेवढीच सरकतात. एकालाच हलवायचे असेल तर शिफ्ट दाबायची. एका संध्याकाळची चाळीस छायाचित्रे एकामागून एक पाहताना जे कधीच दिसले नव्हते ते दोन शेजारी ठेवल्यावर पाच मिनिटांत दिसू लागले.

पण शेजारी ठेवण्यातही एक फसवणूक आहे. दोन जवळजवळ सारख्या छायाचित्रांपैकी जे थोडे उजळ किंवा थोडे जास्त रंगीत असेल तेच डोळा उचलतो, मग त्याची रचना कितीही सैल असो. कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स (पांढरे पांढरेच दिसावे म्हणून होणारी रंगांची जुळणी) तर ढग सरकला की छटा बदलतो. म्हणून मी आधी दोन्हींची नक्कल करतो. नक्कल म्हणजे रॉ फाइल पुन्हा लिहिली जात नाही, शेजारी त्या नकलेची नोंद ठेवणारी काही किलोबाइटची एक्सएमपी फाइल तेवढी वाढते, त्यामुळे डिस्कच्या जागेची काळजी करणाऱ्या माझ्यासारख्या माणसालाही ती हवी तेवढी करता येते. मग एकाचा व्हाइट बॅलन्स दुसऱ्यावर चिकटवतो आणि एक्स्पोजर मोड्यूलमधल्या एरिया मॅपिंगने दोन्हींतला एकच खडक मोजून सारख्या उजेडावर आणतो. एवढे झाल्यावर जी तुलना होते ती रचनेची होते. सूर्यास्तानंतरच्या पंधरा मिनिटांत उजेड खरोखरच उतरत असतो, त्यामुळे ही बरोबरी फक्त निवडीपुरती ठेवावी. निवड झाली की ती नक्कल पुसायची आणि मूळ छायाचित्राला त्याचा स्वतःचा उजेड परत द्यायचा. हे मी मार्चमध्ये शिकलो आणि त्यानंतर जानेवारीतली माझी अर्धी निवड रद्द केली.

आता तक्रारीकडे येतो. कलिंगमध्ये छायाचित्रांवर आडवी रेघ टाकता येत नाही. तृतीयांशाच्या रेघा, सुवर्ण प्रमाणाच्या रेघा, सगळ्या डार्करूममध्ये (एकच छायाचित्र उघडून संपादन करण्याच्या पडद्यावर) आहेत, पण तिथे तुलनेला शेजारचे छायाचित्र नसते. आणि जिथे दोन छायाचित्रे शेजारी असतात तिथे एक साधी रेघ नाही. ही उणीव लहान आहे असे कोणी म्हणेल. समुद्राची छायाचित्रे काढणाऱ्याला ती लहान नाही, कारण आमच्या चौकटीत क्षितिज हीच एक न हलणारी गोष्ट असते आणि बाकी प्रत्येक वस्तूची जागा तिच्यावरून ठरते.

शेवटी मी आईच्या शिवणाच्या डब्यातून काळा दोरा काढला आणि मॉनिटरच्या दोन्ही कडांना कागदी टेपने ताणून चिकटवला. "अरे, ही स्क्रीन आहे की फाटकी उशी?" असे आईने विचारले, पण दोरा राहिला. दोन छायाचित्रे शेजारी घेऊन, शिफ्ट दाबून दोघांची क्षितिजे दोऱ्यावर आणायची आणि मग खाली-वर काय आहे ते पाहायचे, ही माझी आजची पद्धत आहे.

दोऱ्याने मला पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट दाखवली. दादरच्या वाळूत एक काळा, शेवाळलेला खडक आहे, तो मी नेहमी अग्रभागी घेतो. एका छायाचित्रात मी उभा होतो, दुसऱ्यात गुडघ्यांवर बसलो होतो. सेतू दोन्हींत जवळजवळ त्याच जागी आहे, कारण तो दोन किलोमीटरच्या आसपास दूर आहे आणि माझ्या मीटरभर खाली-वर होण्याने त्याला काही फरक पडत नाही. खडकाला मात्र पडतो. उभ्याने काढलेल्या छायाचित्रात खडकाचा माथा दोऱ्याच्या बोटभर खाली होता आणि मधल्या पट्टीत पाणी चमकत होते. बसून काढलेल्यात तोच माथा दोऱ्याला नेमका टेकला होता. खडक, क्षितिज आणि सेतूची कड यांचा एक काळा गोळा झाला होता आणि तीन वर्षे मला त्या बसून काढलेल्या छायाचित्रांत 'काहीतरी कोंडल्यासारखे' का वाटत होते ते त्या बोटभर पाण्यावरून कळले. आता मी एक तर उभा राहतो किंवा इतका खाली बसतो की खडक क्षितिज स्पष्टपणे फोडून वर जाईल. नुसते टेकणे टाळतो.

दुसरी चूक माझीच होती. क्षितिज सरळ करण्यासाठी रोटेट अँड पर्स्पेक्टिव्ह या मोड्यूलमध्ये माउसच्या उजव्या बटणाने रेघ ओढायची असते, ती मी सुरुवातीचे दोन महिने सेतूच्या रस्त्यावरून ओढत होतो, कारण धुक्यात तीच कड ठळक दिसे. पण ५.६ किलोमीटरचा सेतू आपल्यासमोर पाट मांडल्यासारखा नसतो. तो वळतो आणि त्याचे एक टोक आपल्यापासून जास्त दूर असते, त्यामुळे त्याची कड चित्रात तिरकीच असायला हवी. मी ती सरळ करत होतो आणि समुद्र एका बाजूला ओतत होतो. पन्नासेक छायाचित्रे पुन्हा दुरुस्त करावी लागली.

धुरकटपणाबद्दलही मत बदलले. डिसेंबर-जानेवारीत मुंबईवर जो करडा थर असतो तो काढण्यासाठी हेझ रिमूव्हल मी सुरुवातीला प्रत्येक छायाचित्रावर लावत होतो आणि वरळीचे मनोरे कडक उमटलेले पाहून खूश होत होतो. दोन रूपे शेजारी ठेवल्यावर लक्षात आले की त्या थरामुळेच इमारती एकामागे एक उभ्या वाटतात. जवळची गडद, तिच्यामागची फिकी, शेवटची जेमतेम. थर काढला की सगळ्या एकाच भिंतीवर चिकटवल्यासारख्या दिसतात आणि आकाशात दाणे उठतात. आता ते मोड्यूल बंद ठेवतो आणि आकाशावर ग्रेडियंट मास्क (हळूहळू विरत जाणारा पट्टा) टाकून अर्धा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) उजेड कमी करतो, तेवढे पुरते.

जे संपादनाने होत नाही त्याबद्दल माहीम कोळीवाड्यातल्या एका काकांचे ऋण मान्य करायला हवे. मी पाण्याच्या पातळीबद्दल कुरकुरत होतो तेव्हा ते म्हणाले, "अहो, मोबाईल कसला बघता, तिथी बघून येत जा." तिथीला पाऊणने गुणायचे म्हणजे भरतीची ढोबळ वेळ मिळते. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, म्हणजे सूर्यास्ताला खडक बुडालेले. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बाराच्या आसपास आणि त्यामुळे उधाणाची खोल ओहोटी नेमकी संध्याकाळी. माझी निवडलेली छायाचित्रे मी तारखांनुसार लावून पाहिली, तर त्यांतली बहुतेक पौर्णिमा-अमावास्येच्या मागेपुढे दोन दिवसांत काढलेली निघाली. सूर्यही जागा बदलतो; जूनमध्ये तो वांद्र्याच्या बाजूला उतरतो, डिसेंबरमध्ये वरळीकडे. त्यामुळे जूनचे आणि डिसेंबरचे छायाचित्र शेजारी ठेवून 'कोणते चांगले' असे विचारण्यात अर्थ नाही. ती भावंडे नाहीतच.

छाटण्याबाबत माझा कंजूसपणा कामी आला. माझा कॅमेरा जुना, सेकंडहँड घेतलेला आहे. त्याचे छायाचित्र ६००० × ४००० पिक्सेलचे असते. ए-३ आकाराची छपाई ३०० पीपीआयने (दर इंचाला ३०० पिक्सेल) करायची तर ४९६१ × ३५०८ पिक्सेल लागतात. म्हणजे रुंदीत हजारभर आणि उंचीत पाचशेच्या आत एवढीच माझी शिल्लक. ही शिल्लक डोळ्यासमोर असली की 'नंतर कापून घेऊ' म्हणून किनाऱ्यावर ढिले उभे राहणे आपोआप कमी होते. डावीकडचा विजेचा खांब टाळायला दोन पावले चालणे हे चारशे पिक्सेल कापण्यापेक्षा स्वस्त आहे.

आता ऑगस्ट. सेवा केंद्राने पहिल्या दिवशी तपासणीचे पैसे घेतले, आठव्या दिवशी 'डेटा जाईल' असे सांगितले, बाराव्या दिवशी डिस्कच्या बदलीचा अंदाज दुप्पट केला आणि त्याचे कारण लेखी द्यायला नकार दिला. मी तक्रार लिहून दिली, मॅनेजरना भेटलो, शेवटी मूळ अंदाजावर काम झाले, पण डिस्क कोरी आली. छायाचित्रे मी बाहेरच्या डिस्कवर ठेवतो, ती होती. संपादन मात्र लॅपटॉपमधल्या डेटाबेसात होते, निदान मी तसे समजत होतो. डार्कटेबल पुन्हा बसवले, बाहेरच्या डिस्कवरचे फोल्डर आयात केले आणि एकेक छायाचित्र त्याच्या संपादनासह, मी दिलेल्या पसंतीच्या ताऱ्यांसह, नकलांसह उभे राहू लागले, कारण प्रत्येक रॉ फाइलशेजारी तिची एक्सएमपी फाइल होती आणि आठ महिन्यांचे काम त्या फायलींमध्ये होते. त्या रात्री दीड वाजेपर्यंत मी नुसता बघत बसलो होतो.

गेले ते एवढेच: मी बनवलेल्या स्टाइल्स आणि प्रीसेट्स (पुन्हा वापरण्यासाठी साठवलेल्या संपादनाच्या मांडण्या). त्या डेटाबेसात राहतात, एक्सएमपीत नाहीत. ज्यांनी स्टाइल्स बनवल्या असतील त्यांनी त्या निर्यात करून बाहेरच्या डिस्कवर आजच ठेवाव्यात आणि प्राधान्यक्रमांत एक्सएमपी लिहिण्याचा पर्याय चालू आहे ना ते तपासावे. नवी आवृत्ती घेण्याआधी डेटाबेसची प्रतही काढावी, कारण नव्या आवृत्तीने बदललेला डेटाबेस जुनीत उघडत नाही.

जुन्या लॅपटॉपवर कलिंगमध्ये पूर्ण मोठे केल्यावर चित्र स्पष्ट व्हायला काही सेकंद लागतात. ग्राफिक्स कार्ड नसलेल्यांनी ती सवय करून घ्यावी. रेघेची मागणी मी अजून सोडलेली नाही. सध्या मार्चमधल्या अमावास्येची दोन छायाचित्रे दोऱ्याखाली आहेत, एकात होडी खडकाच्या डावीकडे आहे, दुसऱ्यात उजवीकडे, आणि दोन्हींना मी चार चार तारे देऊन ठेवले आहेत.