देशोदेशीचे दिवे, एकाच फळीवर

सोलापूरच्या जुन्या पेठांमध्ये पणत्या, माठ आणि चुली विकणारे एक दुकान आहे. गेल्या दिवाळीच्या सुमारास तेथे आतल्या बाजूला एक नवी फळी मांडण्यात आली आणि तिच्यावर परदेशांतील दीपोत्सवांचे दिवे आले. प्रत्येक दिव्याखाली त्या सणाची माहिती देणारी हाताने लिहिलेली चिठ्ठी चिकटवलेली असते. दिवाळीपासून वैशाखापर्यंत मी तेथून चार प्रकारचे दिवे घेतले आणि ते, भेट पाठवलेला एक वगळता, ज्या त्या सणाच्या दिवशी लावूनही पाहिले. त्यांपैकी दोन वस्तूंबद्दल माझी तक्रार असल्यामुळे दुकानाचे नाव मुद्दाम लिहीत नाही.

दुकान सांभाळणाऱ्या बाईंना सगळे अक्का म्हणतात. समोरचे गिऱ्हाईक पाहून त्या मराठी, कन्नड किंवा तेलुगूत भाव सांगतात आणि तिन्ही भाषांत तो सारखाच असतो. पणती दाखवताना त्या ती नखाने वाजवतात. खणखणीत आवाज आला तर भाजणी पक्की आहे, आणि बद्द आवाज आला तर ती पणती बाजूला काढून ठेवायची, असा त्यांचा शिरस्ता आहे. नव्या पणत्या रात्रभर पाण्यात बुडवून, मग उन्हात कडकडीत वाळवून घ्याव्यात, म्हणजे त्या तेल पीत नाहीत, हेही त्या न विचारता सांगतात. साठ रुपये डझनाने घेतलेल्या दोन डझन पणत्यांपैकी एकही चिरली नाही किंवा झिरपली नाही. मातीच्या मालाबद्दल याहून अधिक लिहिण्याची गरज नाही.

परदेशी दिव्यांपैकी सर्वांत चोख वस्तू म्हणजे श्रीलंकेच्या पद्धतीचा वेसाक कंदील. वैशाख पौर्णिमेला, म्हणजे आपल्याकडील बुद्धजयंतीला, तेथे घराघरांवर असे कंदील लावले जातात. दुकानातील नमुना अष्टकोनी आहे. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा दोऱ्याने आवळून बांधलेला, त्यावर पांढरा आणि निळा पतंगी कागद, आणि खाली कातरलेल्या शेपट्या. लहानपणी घरी आकाशकंदील केलेल्या कोणालाही हा सांगाडा ओळखीचा वाटेल. कागद कशाने चिकटवला आहे, असे विचारल्यावर अक्कांनी ‘खळ’ असे एका शब्दात उत्तर दिले. मागाच्या सुताला खळ देणाऱ्या घरात वाढलेल्या बाईला तो शब्द शोधावा लागला नाही. साडेतीनशे रुपयांत मिळालेला हा कंदील बुद्धपौर्णिमेला गच्चीवर टांगला. वैशाखातल्या वळवाच्या वाऱ्यात तो रात्रभर गरगरत राहिला, पण त्याची एकही कामटी सुटली नाही. आत मात्र ज्योत न ठेवता लहान विजेचा दिवा ठेवावा.

तक्रारीची पहिली वस्तू पितळेची आहे. ‘यहुदी लोकांची दिवाळी’ अशी चिठ्ठी असलेले हे मेणबत्त्यांचे झाड मी साडेचौदाशे रुपयांना घेतले आणि ठाण्यातील एका सहकाऱ्याला हनुक्का या यहुदी दीपोत्सवाची भेट म्हणून पाठवले. त्याचे आजोळ रेवदंड्याकडील बेने इस्राएल या यहुदी समाजातील कुटुंबात आहे, म्हणजे तेलाचा घाणा चालवून शनिवारी काम बंद ठेवणारे आणि त्यामुळे कोकणात शनिवार तेली म्हणून ओळखले गेलेले लोक. दिव्याच्या बाबतीत त्यांच्यापुढे चूक लपणे शक्यच नव्हते. त्याने फांद्या मोजल्या. त्या सात निघाल्या. सात फांद्यांचा मेनोरा हा जेरुसलेमच्या प्राचीन मंदिरातील दीप आहे, आणि आज तो इस्राएलच्या राजमुद्रेवर दिसतो. हनुक्काच्या दिव्याला नऊ जागा लागतात. इसवी सनापूर्वी १६४ मध्ये त्या मंदिराची पुन्हा शुद्धी झाली, त्या स्मरणार्थ आठ रात्री दिवे लावतात, पहिल्या रात्री एक, दुसऱ्या रात्री दोन, अशा चढत्या क्रमाने. नववा दिवा ‘शमाश’, म्हणजे सेवक. इतर दिवे त्याच्यावरून पेटवायचे. त्या आठ दिव्यांच्या उजेडात वाचन किंवा कोणतेही काम करायचे नसते, आणि म्हणून हा सेवक थोडा उंच किंवा बाजूला वेगळा ठेवलेला असतो. पितळेचे ओतकाम चांगले होते यात शंका नाही, परंतु सात फांद्यांच्या झाडावर आठ रात्री कशा मोजायच्या? वस्तू वापरली नसतानाही दुकानाने ती परत घेतली नाही. चिठ्ठी मात्र अक्कांनी माझ्यासमोर फाडली आणि कोऱ्या कागदावर नवी लिहायला घेतली.

दुसरी तक्रार थायलंडच्या क्राथोंगची. तेथील बाराव्या चांद्रमासाच्या पौर्णिमेला लोय क्राथोंग साजरा होतो आणि तो बहुधा आपल्या त्रिपुरी पौर्णिमेच्या आसपासच येतो. केळीच्या खांबाची चकती, कडेने दुमडलेली केळीची पाने, मध्ये फुले, उदबत्ती आणि मेणबत्ती, असा तो मूळ द्रोण असतो. येथे मात्र थर्माकोलवर कापडी फुले चिकटवून एकशे ऐंशी रुपये लावले आहेत. असली वस्तू सिद्धेश्वर तलावात सोडण्याचा विचारही करू नये. मी ती घरच्या घमेल्यात सोडली, तर फुलांच्या ओझ्याने एका अंगाला कलली आणि मेणबत्ती विझली. मंडईतून केळीचा खांब आणून चार बोटे जाडीची चकती कापली, तर हेच काम अधिक सुबकपणे होते. ते आम्ही त्याच रात्री केले आणि ती चकती मेणबत्ती संपेपर्यंत तरंगली.

स्वीडनमध्ये १३ डिसेंबरला होणाऱ्या सेंट लुसियाच्या सणाचा दिव्यांचा मुकुटही फळीवर आहे. तो प्लास्टिकचा आणि बॅटरीवर चालणारा असून शाळेच्या स्नेहसंमेलनाला पुरेल. चिनी लाल कंदील घडी घालून ठेवता येतात, एवढाच त्यांचा गुण. उडते कंदील मात्र अक्कांनी ठेवलेले नाहीत. थायलंडमधील चियांग माई येथे ते कसे आकाशात सोडतात, याचे वर्णन मी करू लागलो, तेव्हा ‘आणि तो सुताच्या गोदामावर पडला म्हणजे?’ एवढेच त्यांनी विचारले.

माझी एक सूचना आहे. फळीवरील दिवे देशांप्रमाणे मांडले आहेत, ते तिथीप्रमाणे मांडले तर गिऱ्हाइकाला अधिक उपयोग होईल. वेसाक, क्राथोंग आणि चिनी वर्षाच्या पहिल्या महिन्यातील पंधराव्या दिवसाचा कंदील सण हे सगळे पौर्णिमेचे आहेत. हनुक्का यहुदी पंचांगातील किस्लेव महिन्याच्या पंचविसाव्या तिथीला सुरू होऊन अमावास्या ओलांडतो, म्हणजे आपल्या दिवाळीसारखाच तो काळोख्या रात्रींचा आहे. लुसियाचा दिवस तेवढा चंद्राकडे न पाहता सूर्याच्या हिशोबाने येतो. हे ठाऊक असलेला माणूस कोणत्या रात्रीसाठी काय घ्यायचे ते स्वतःच ठरवील.

परवा पुन्हा गेलो, तेव्हा हनुक्काची नवी चिठ्ठी लागलेली होती आणि तिच्यावर ‘नऊ’ हा आकडा दोनदा अधोरेखित केला होता. दिव्याची जागा मात्र अजून रिकामी आहे. आषाढातील दीप अमावास्येसाठी काय ठेवणार आहात, असे विचारल्यावर अक्का म्हणाल्या, ‘त्या दिवशी घरातले जुनेच दिवे घासून पुजायचे असतात, नवे कोण घेतं?’ आणि त्यांनी मला वातींचे एक पुडके तेवढे बांधून दिले.