पंधरा दिवसांत ‘वायरमन लायसन्स’ : पैसे भरण्याआधी एवढं तपासा

दहावीचा निकाल लागला की एसटी स्टँडच्या आसपासच्या भिंतींवर ठरलेली पत्रकं चिकटतात. ‘इलेक्ट्रिशियन कोर्स, सरकारमान्य, 15 दिवसांत लायसन्स, नोकरी पक्की.’ आतला कारभारही ठरलेलाच. भाड्याची खोली आणि भिंतीला सनमायकाचा एक बोर्ड, त्यावर दोन स्विच, एक सॉकेट, एक होल्डर. आधी प्रवेश फी, मग परीक्षा फी, मग ‘लायसन्सचा वरचा खर्च’. पावती मागितली तर त्यावर ‘शैक्षणिक साहित्य’ किंवा सरळ ‘देणगी’. शेवटी सोनेरी किनारीचं, होलोग्राम लावलेलं सर्टिफिकेट हातात पडतं आणि घरात पेढे वाटले जातात.

त्या सर्टिफिकेटच्या तळाची बारीक अक्षरं वाचायला हवीत. तिथे ‘भारत सरकार नोंदणीकृत’ असतं, पण नोंदणी कशाची? संस्था नोंदणी अधिनियम 1860 म्हणजे भजनी मंडळही ज्याखाली नोंदवता येतं तो कायदा. एमएसएमई उद्यम क्रमांक ही व्यवसायाची नोंद, ती स्वयंघोषणेवर मिळते. आयएसओ 9001 हे कामकाजाच्या पद्धतीचं प्रमाणपत्र. ‘नीती आयोग’ म्हणजे स्वयंसेवी संस्थांच्या पोर्टलवरची नोंद. यातली एकही नोंदणी खोटी असेलच असं नाही, आणि खरी मेख तिथेच आहे. सगळे क्रमांक खरे असले तरी वीजतंत्री म्हणजे इलेक्ट्रिशियन घडवण्याचा अधिकार त्यातल्या कशानेच मिळत नाही.

आता ‘लायसन्स’. महाराष्ट्रात या नावाखाली तीन वेगळे कागद येतात : तारतंत्रीचा म्हणजे वायरमनचा परवाना, पर्यवेक्षकाचं सक्षमता प्रमाणपत्र आणि विद्युत ठेकेदाराची अनुज्ञप्ती. हे राज्य शासनाचं अनुज्ञापक मंडळ देतं. क्लासवाला फार तर फॉर्म भरून देऊ शकतो, परवाना नाही. नियमही स्पष्ट आहे. बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच बदलणं कुणीही करावं. नवं वायरिंग, वाढीव पॉइंट, दुरुस्ती मात्र परवानाधारकाने, ठेकेदारामार्फत आणि पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली. म्हणून पोरगा अडकतो तो पहिल्याच मोठ्या कामात. नव्या मीटरसाठी टेस्ट रिपोर्ट, म्हणजे वायरिंग तपासल्याचा दाखला लागतो, त्यावर ठेकेदाराची सही आणि क्रमांक लागतो, आणि सोनेरी किनारीला तिथे कुणी विचारत नाही.

नोकरीचंही तेच. वीज कंपन्यांच्या विद्युत सहायक भरतीत दहावीबरोबर वीजतंत्री किंवा तारतंत्री ट्रेडचं आयटीआय प्रमाणपत्र मागतात. तिथे 15 दिवसांचा कागद छाननीतच बाद. ‘अप्रेंटिसला चिकटवतो, आधी पैसे टाका’ म्हणणारा तर उघड खोटं बोलतो. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली कंपनीच मुलाला विद्यावेतन देते.

पैशांपेक्षा मोठं नुकसान हाताचं होतं. बोर्डावर बल्ब लागला की शिकवणी संपते. फेज म्हणजे करंट आणणारी तार, न्यूट्रल म्हणजे परतीची. फेजऐवजी न्यूट्रलमध्ये स्विच घातला तरी बल्ब लागतो आणि विझतोही, पण होल्डरपर्यंत करंट राहतोच. फरक कळतो तो स्विच बंद करून होल्डरला हात लावणाऱ्याला. तसंच सॉकेटमध्ये अर्थिंगची पिन न्यूट्रलशी जोडून दिली तर सगळं झकास चालतं, पण मागे न्यूट्रल तुटला की फ्रिजच्या पत्र्यात करंट. हे ज्याला शिकवलेलंच नाही त्याच्या हातून पहिलं घर कुणाचं होणार?

म्हणून क्लास बघायला जाल तेव्हा फक्त वस्तू मोजा. वायरचं इन्सुलेशन तपासणारा 500 व्होल्टचा मेगर आहे का? थ्री फेज मोटर आणि स्टार्टर आहे का? 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की पुरवठा तोडणारा स्विच लावून, दोन सर्किटांचे न्यूट्रल एकत्र झाले की ती का पडते (आपोआप बंद होते) हे करून दाखवतात का? 1.5, 2.5 आणि 4 चौरस मिमी वायर कुठे वापरायची हे विचारा. ‘लाईटला बारीक, गीझरला जाड’ एवढंच उत्तर आलं तर चहा पिऊन निघा.

सरळ वाट अशी. दोन वर्षांचा आयटीआय, प्रवेश राज्याच्या व्यवसाय शिक्षण संचालनालयाच्या केंद्रीय ऑनलाइन प्रक्रियेतून. खाजगी आयटीआय असेल तर ‘संस्था मान्य आहे’ एवढ्यावर थांबू नका. वीजतंत्री ट्रेडच्या तुकडीला मान्यता आहे का, हे वेगळं बघा. नंतर अप्रेंटिसशिप, मग परवान्याचा अर्ज. सरकारी योजनांतले काही महिन्यांचे कोर्स खोटे नाहीत, मदतनीस म्हणून उभं राहायला कामाचे आहेत, पण त्यांना आयटीआयच्या बरोबरीचं म्हणून विकणारा फसवतोय. आणि ‘मागच्या तारखेचा आयटीआय काढून देतो’ म्हणणाऱ्याच्या दारातूनच परत फिरा. खोटा कागद खरा म्हणून वापरणं हा वापरणाऱ्याचाही गुन्हा आहे.

पैसे गेलेच असतील तर पत्रक, पावती, यूपीआयचे स्क्रीनशॉट आणि व्हॉट्सअॅपवरची बोलणी आधी जपा. ऑनलाइन फसवणुकीसाठी लगेच 1930, ग्राहक तक्रारीसाठी 1915, आणि पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्या. बरेच जण गप्प बसतात, कारण मूळ गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला क्लासवाल्याच्या कपाटात असतो. प्रवेशाच्या दिवशी मूळ कागद फक्त दाखवायचे, ठेवायचे नाहीत. ठेवले असतील आणि तो देत नसेल, तर तसं तक्रारीत लिहा आणि दहावीच्या दुय्यम गुणपत्रिकेसाठी विभागीय मंडळात अर्ज करा. त्या एका कागदासाठी पुढचा हप्ता भरू नका.