स्नेकमेक आणि पायप्सा: आठ महिने वापरल्यावर

कोराडी, खापरखेडा ही कोळशावरची वीजकेंद्रं आणि विदर्भातली सौरवीज एवढ्याचंच, कोणी किती वीज बनवायची हे ठरवणारं एक छोटं मॉडेल मी नागपुरात बसून संगणकावर चालवतो. आधी सगळं एक्सेलमध्ये होतं. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल नवीन २’. एका बैठकीत सरांनी विचारलं, “मे महिन्यातल्या संध्याकाळचा हा आकडा कुठून आला?” मला सांगता आलं नाही. घरी तीन दिवस खटपट केली, तरी तो आकडा पुन्हा निघाला नाही. ती बोच अजून आहे.

तेव्हापासून मॉडेल पायप्सात (वीजव्यवस्थेची मॉडेलं बांधायचं पायथन पॅकेज) आणि सगळी जुळवाजुळव स्नेकमेकवर (कामाच्या पायऱ्या क्रमाने चालवणारं साधन). प्रत्येक पायरीचा एक नियम लिहायचा: आत कोणत्या फाइली, बाहेर कोणती, मध्ये कोणती स्क्रिप्ट. काही बदललं की त्यावर अवलंबून असलेल्या पायऱ्याच पुन्हा चालतात. आधी ड्राय रन, म्हणजे प्रत्यक्ष न चालवता नुसती चाचणी, मारला की काय काय चालणार ते दिसतं. मी आता त्याशिवाय काहीच चालवत नाही.

खरा फायदा कळला तो वेळेच्या घोळात. ईआरए५ या जागतिक हवामान-संचाचा डेटा तासातासाचा आणि यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असतो. आपली मागणी भारतीय वेळेत, १५ मिनिटांचा एक असे दिवसाचे ९६ ब्लॉक. फरक साडेपाच तासांचा, आणि घात करतो तो वरचा अर्धा तास. एक्सेलमध्ये मी कुठे पाच, कुठे सहा तास सरकवले होते. त्यामुळे सूर्य मावळल्यावरही मॉडेलमध्ये सौरवीज येत होती, तीही घरोघरी कूलर चालू असताना! आता हे काम एकाच स्क्रिप्टमध्ये आहे. एक ओळ दुरुस्त केली आणि पुढचे सगळे आलेख नव्याने तयार झाले.

मग एक दिवस हेच मॉडेल चालवणाऱ्या मित्राचा फोन. “काय बे, माझ्याकडे तर वेगळंच येऊन राहिलं.” एकूण खर्च तंतोतंत तोच, पण कोराडीचे ६६० मेगावॅटचे संच आणि खापरखेड्याचा ५०० मेगावॅटचा संच यांची वाटणी निराळी. दोन्हींचा इंधनखर्च मी सारखाच धरला होता, म्हणून कोणतीही वाटणी योग्यच ठरत होती. त्यात आमच्या हाय्स (HiGHS) सॉल्व्हरच्या, म्हणजे सगळ्यात स्वस्त वाटणी शोधणाऱ्या प्रोग्रामच्या, आवृत्त्या वेगळ्या. आता आवृत्त्या लॉक फाइलमध्ये नोंदवून पक्क्या केल्या आहेत आणि संचांच्या इंधनखर्चात अगदी किंचित फरक घातलाय, तोही रँडम सीड ठरवून, म्हणजे दर वेळी तोच फरक निघतो.

विंडोजवर थेट चालवताना मला त्रास झाला. डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजच्या आतलं लिनक्स) ठीक चालतं. डिस्कवर जागा मात्र भरपूर मोकळी हवी, हवामानाच्या फाइली मोठ्या असतात.

एक गोष्ट स्नेकमेक आपणहून सांभाळत नाही. एका संकेतस्थळावरून उतरवलेली मागणीची फाइल तिथे गुपचूप बदलली गेली, नाव तेच राहिलं. ती पुन्हा उतरवेपर्यंत मला पत्ताच नव्हता. आता मूळ फाइल तारखेसह जपतो, तिचा शा-२५६ (फाइलच्या मजकुरावरून निघणारा ठसा) शेजारी लिहून ठेवतो. जुळलं नाही तर पहिलाच नियम थांबतो. ही तपासणी सुरुवातीलाच लावायला हवी होती, चार महिन्यांचे निकाल पुन्हा काढावे लागले.