अमेरिकेतली हापूसची पेटी: चव, भाव आणि तो किरणांचा शिक्का

आधी निकाल सांगते, मग भांडते. पेटी घ्या, पण पहिल्यांदा घेत असाल तर केसरची घ्या, हापूसची नको.

आम्ही न्यू जर्सीत, एडिसनच्या जवळ राहतो. इथे सीझनला दोन-चार जण विमानाने आंबा आणतात, व्हॉट्सअॅपवर ऑर्डर घेतात आणि शुक्रवारी संध्याकाळी गोडाउनवर बोलावतात, तिथे निम्मं कोकण आणि निम्मं गुजरात लाइन लावून उभं असतं. पेटी साधारण तीन किलोची, दहा-बारा फळं, भाव पन्नास डॉलरच्या आसपास. म्हणजे एका आंब्याला चार-पाच डॉलर! त्याच आठवड्यात मोठ्या स्टोअरमध्ये मेक्सिकोच्या पिवळ्या आताउल्फो आंब्याची पेटी बारा-पंधरा डॉलरला पडलेली असते. नवरा दर वर्षी हे गणित मला तोंडी करून दाखवतो आणि मग सगळ्यात जास्त फोडी तोच खातो.

पॅकिंगला पूर्ण मार्क. पुठ्ठा जाड, हवेच्या भोकांना आतून बारीक जाळी चिकटवलेली, जेणेकरून वाटेत माशी आत शिरू नये. फळ फोमच्या जाळीत. बाजूला पॅकहाउसचा कोड, पॅकिंगची तारीख आणि ते हिरवं गोल चिन्ह, वर तुटक रेघांचं वर्तुळ आणि आत दोन पानं, रॅड्युरा म्हणतात त्याला. शेजारच्या आजी ते बघून म्हणाल्या, ऑरगॅनिक दिसतंय. नाही हो आजी, याचा अर्थ फळावर गॅमा किरण मारलेत. कोबाल्ट-६० वापरतात, डोस किमान ४०० ग्रे (ग्रे म्हणजे किरणांची मात्रा मोजायचं माप). आंबा त्याने किरणोत्सारी वगैरे होत नाही, घाबरायचं काही कारण नाही, आतला किडा मेला किंवा त्याची पुढची पिढी होऊ शकली नाही की काम झालं.

आता चव. हापूसचा वास पेटी उघडल्या उघडल्या आला, म्हटलं जिंकलो. पण पिकताना काही फळं एका बाजूने मऊ आणि दुसऱ्या बाजूने दगड, देठाजवळ काळपट डाग आणि एक फळ कापलं तर आत साका, म्हणजे न पिकलेला पांढरट गर. साका किरणांमुळे होत नाही, ते हापूसचं जुनंच दुखणं आहे, गावीही निघतो, फक्त गावी पाच डॉलरचा निघत नाही. केसर मात्र एकसारखा पिकला, रस दाट निघाला, पोळीबरोबर दोन वाट्या कशा गेल्या कळलं नाही. हापूस नाजूक गडी आहे, बाग, पॅकहाउस, किरण, विमानतळ, विमान, मग इथली तपासणी, एवढी यातायात त्याला झेपत नाही, केसर जरा दणकट.

भाव एवढा का, यावर आमच्या रत्नागिरीच्या काकांचं ठाम मत आहे. फोनवर म्हणाले, "अगो, कीड-बीड सगळं निमित्त. त्यांना आपला आंबा यायलाच नकोय." मीही आधी मान डोलावली असती. पण काका, नको असायला त्यांच्याकडे वाचवण्यासारखा आंबा तरी कुठाय? फ्लोरिडात थोडा, हवाई आणि पोर्टो रिकोत थोडा, बाकी देश मेक्सिको, पेरू, ब्राझीलचा आंबा खातो. आणि मेक्सिकोलाही सूट नाहीये, त्यांचा आंबा ४६ अंशाच्या पाण्यात आकाराप्रमाणे तास-दीड तास बुडवून काढावा लागतो, तेसुद्धा अमेरिकेच्या कृषी खात्याच्या देखरेखीखाली. तो स्वस्त पडतो कारण ट्रकने येतो, आपला विमानाने. पन्नास डॉलरमधला मोठा तुकडा विमानभाड्याचा आहे, त्याला नियमाला शिव्या देऊन उपयोग नाही.

आणि माशी खोटी नाही. जी फळमाशी आपल्याकडे आंबा, पेरू सडवते तीच ओरिएंटल फळमाशी २०२३ मध्ये कॅलिफोर्नियात रेडलँड्स भागात सापडली, तर पुढच्या जानेवारीत सरकारी माणसांनी दोन हजारांहून जास्त घरांच्या अंगणातल्या झाडांची फळं उतरवून नेली. लोकांची घरची संत्री, लिंबं, सगळी. त्यांना आंब्याची काळजी नाहीये, संत्र्याची आहे. आपला नागपूरवाला बागायतदार त्यांच्या जागी असता तर त्यानेही दुसरं काय केलं असतं?

तर मग मी भांडतेय कशावर? बंदी उठली कशी, त्यावर. भारतीय आंब्यावर इथे १८ वर्षं बंदी होती. २००६ च्या मार्चमध्ये अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बुश दिल्लीला आले, अणुकराराच्या गडबडीत आंब्याचाही विषय निघाला, आणि २००७ च्या एप्रिलमध्ये पहिली पेटी अमेरिकेत आली. त्याच महिन्यात भारताने हार्ले-डेव्हिडसनला दार उघडलं. हार्ले कशाने अडली होती? आपल्या धुराच्या नियमांनी. एवढ्या मोठ्या इंजिनच्या बाइकसाठी आपल्याकडे नीट निकषच नव्हता, मग ८०० सीसी आणि वरच्या बाइकना युरो-३ हा युरोपचा धुराचा निकष चालेल असं ठरलं. आंबा इकडे, बाइक तिकडे. एकीकडे कीड, दुसरीकडे प्रदूषण, दोन्ही म्हणे विज्ञानाचे प्रश्न, आणि दोन्ही एकाच टेबलावर एकाच वेळी सुटले. इथे पाणी मुरतंय. अमेरिकेच्या बाजूने एवढं म्हणता येईल की किरणांचा ४०० ग्रेचा सरसकट डोस त्यांनी २००६ च्या जानेवारीतच मंजूर केला, त्याआधी हा रस्ता तयार नव्हता. मान्य. पण बाइकचा आणि फळमाशीचा काय संबंध ते मला कुणीतरी समजावून सांगा.

दुसरी गोष्ट म्हणजे नियम पाळायची रीत. सुरुवातीला ही सोय फक्त लासलगावला, जे केंद्र मुळात कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून उभं केलेलं. म्हणजे देवगडचा आंबा मुंबई ओलांडून आणखी दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर कांद्याच्या गावाला जायचा, किरण खायचा आणि परत मुंबईला विमान पकडायला यायचा. नंतर वाशीला सोय झाली. त्यातही अमेरिकेचा निरीक्षक समोर उभा पाहिजे आणि त्याच्या येण्या-राहण्याचा खर्च आपल्या बाजूने. कोविडमध्ये निरीक्षक येऊ शकले नाहीत, तर २०२० आणि २०२१ दोन्ही सीझन बुडाले. माश्या तेवढ्याच, मशीन तेच, फक्त माणूस नाही. मग २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये पुन्हा बोलणी, यावेळी आमचा आंबा आणि डाळिंब, तुमच्या चेरी आणि घोड्या-गाईंचा अल्फाल्फा चारा. देखरेख टप्प्याटप्प्याने भारताकडे द्यायची ठरली आणि २०२२ ला पेट्या परत दिसल्या.

आणि २०२५ चा मे. वाशीत किरण मारलेल्या पंधराएक शिपमेंट लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को, अटलांटाला अडवल्या, कारण त्या प्रक्रियेच्या फॉर्ममध्ये घोळ. फळात कीड सापडली म्हणून नाही, कागदात. पर्याय दोन, परत न्या किंवा नष्ट करा. विमानभाडं देऊन पिकलेला आंबा परत कोण नेणार, नष्ट केला. अंदाजे पाच लाख डॉलरचं नुकसान. याला मी संरक्षणवाद म्हणणार नाही, कारण यातून कुणाचंच संरक्षण झालं नाही, पण नियम चांगला असूनही तो राबवताना लहान निर्यातदार कसा मरतो ते यात दिसतं. मोठा दोन शिपमेंट गिळून पुढे जातो, लहान पुढच्या वर्षी दिसत नाही.

काका मात्र युरोपचं उदाहरण देतात. २०१४ ला १ मे पासून युरोपियन युनियनने भारताचा सगळाच आंबा बंद केला, सोबत वांगी, अळू, कारली आणि पडवळ. ऐन सीझनला! पण त्याच्या आदल्या वर्षी २०७ खेपांमध्ये कीड सापडली होती, आणि आपणही पॅकहाउसच्या तपासणीत ढिलाई केली होती हे नाकारून चालणार नाही. आपण ४८ अंशाच्या पाण्यात तासभर बुडवायची सोय केली, तपासणी कडक केली आणि २०१५ च्या सुरुवातीला आंब्यावरची बंदी उठली. याच्यात मला तरी खोट दिसत नाही. कीड सापडली, उपाय केला, दार उघडलं, बदल्यात कुणाला बाइक द्यावी लागली नाही.

आता आपली बाजू, कारण आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं हे किती दिवस चालवणार. २००७ मध्येच भारताने बर्ड फ्लूच्या नावाखाली अमेरिकेची कोंबडी बंद केली. कुठल्या तरी एका राज्यात सौम्य प्रकारचा फ्लू निघाला तरी अख्खा देश बंद. प्रकरण डब्ल्यूटीओत, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेत गेलं, २०१५ ला अपिलातही आपण हरलो, कारण आंतरराष्ट्रीय निकषांपलीकडे जाण्याइतका वैज्ञानिक आधार दाखवता आला नाही. आणि शेवट कसा झाला? २०२३ ला तडजोड, भारताने फ्रोझन टर्की, बदक, ब्लूबेरी, क्रॅनबेरीवरची ड्युटी कमी केली. म्हणजे परत तेच, कोंबडीच्या रोगाचं उत्तर क्रॅनबेरीत सापडलं. दुधाचंही बघा, ज्या गाईला मांस-रक्त मिसळलेलं खाद्य दिलं तिच्या दुधाचे पदार्थ भारतात येऊ देत नाहीत. माझ्या आईला हे विचारलं तर ती मनापासून सांगेल की असलं दूध देवाला चालणार नाही, ही भावना खरी आहे, ढोंग नाही. पण त्यामुळे आपल्या दूधसंघांना बाहेरची स्पर्धा होत नाही हेही तेवढंच खरं, आणि त्यांच्यापैकी कुणी या नियमाबद्दल कुरकुर केल्याचं मी तरी ऐकलं नाही.

काकांना हे सांगितलं तर म्हणाले, "तुझं अमेरिकन झालंय." असो.

घ्यायचीच असेल तर हापूस एप्रिलच्या शेवटी ते मेच्या मध्यापर्यंतच, नंतरच्या लॉटमध्ये नुसता पैसा जातो. भारतातून बॅगेत आणायचा विचार करू नका, विमानतळावर बीगल कुत्री हुंगत फिरतात आणि आंब्याला माफी नाही, डबाबंद रस चालतो. आणलेली पेटी लगेच फ्रिजमध्ये टाकू नका, फळं सुटी करून कागदावर पसरा, रोज हाताने चाचपा, मऊ होईल ते आधी कापा. गोडाउनवरच पेटी उघडून बघा आणि पॅकिंगची तारीख वाचा, आमची एक पेटी आठवडाभर जुनी निघाली, विक्रेत्याने तोंड वाकडं केलं पण बदलून दिली. केसरला पाचपैकी चार, हापूसला अडीच, त्यातला अर्धा नुसता वासासाठी.