उद्यमनगरातला डायनमोवाला: नवी बॅटरी घेण्याआधी इथे जा

जुन्या गाडीची बॅटरी सारखी बसत असेल आणि तुम्ही नवी घ्यायच्या बेतात असाल, तर पैसे मोजण्याआधी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एक चक्कर मारा. बागल चौकाकडून आत शिरलं की लेथ आणि वेल्डिंगच्या गाळ्यांमध्ये एक अरुंद गाळा आहे. पाटी नाही. दारातल्या फळीवर उघडे डायनमो आणि सेल्फ मांडलेले असतात, तीच खूण. ‘डायनमोवाला कुठं?’ असं विचारलं की शेजारचा कुणीही हात करतो.

आमची अँबॅसेडर मार्क टू, सासऱ्यांनी घेतलेली. १४८९ सीसीचं इंजिन, लुकास कंपनीचा डायनमो (इंजिनच्या पट्ट्यावर फिरून वीज तयार करणारा) आणि आतल्या बाजूला ती वीज बॅटरीला मोजून देणारी कटाऊट-रेग्युलेटरची काळी डबी, सगळं मूळचंच आहे. घरात दुसरी गाडी आहे, पण ज्योतिबाला, लग्नकार्याला आणि रविवारी रंकाळ्यावर हीच निघते. तिची बॅटरी एका दुकानात आधीच बदलून झाली होती. तिथे मीटर लावला नाही, एक वायर हलवून बघितली नाही; ‘बॅटरी गेली’ म्हणून जुनी काढली, नवी टाकली. काही आठवड्यांत नवीही बसली. सेल्फ मारला की नुसतं ‘कट्’.

या मिस्त्रींनी बॉनेट उघडायच्या आधी प्रश्न विचारले. रात्री उभी केली आणि सकाळी बसली, की फिरवून आणल्यावर लगेच बंद पडते? डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा किती वेगाला विझतो? मधे काही नवीन जोडलंय का, हॉर्न, टेप, हॅलोजन? मला हे फार आवडलं, कारण रोगाचे दोन वेगळे रस्ते इथेच फुटतात. उभ्या गाडीत बॅटरी उतरत असेल तर कुठेतरी करंट गळतोय. चालवूनही भरत नसेल तर डायनमो, पट्टा, रेग्युलेटर किंवा वायर यांतलं काहीतरी काम करत नाही. आमचा लाल दिवा गाडी पळवली तरी मंद पेटलेलाच राहायचा. ते ऐकल्यावर मिस्त्री म्हणाले, “वैनी, बॅटरीला एवढ्यात बोल लावू नका. तिला खायलाच मिळंना झालंय.”

मग हायड्रोमीटर. काचेच्या नळीत अ‍ॅसिड ओढायचं आणि आतला तरंगता काटा कुठे थांबतो ते बघायचं. सहाही घरांत १.१८० च्या आसपास आलं. भरलेल्या बॅटरीत ते १.२५० ते १.२८० च्या दरम्यान हवं. म्हणजे बॅटरी निम्म्याहून जास्त उतरली होती, पण सगळी घरं सारखीच उतरली होती. एखादंच घर बाकीच्यांपेक्षा ०.०५० ने खाली असतं, तर ते घर मेलं आणि बॅटरी भंगारात, असं त्यांनी समजावून सांगितलं. एवढ्या साध्या तपासणीवर पाच-सहा हजारांचा निर्णय होतो आणि बहुतेक ठिकाणी ती करतच नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटतं.

बॅटरी रात्रभर हळू चार्जिंगला लावली. दुसऱ्या दिवशी लगेच मीटर धरला नाही. आधी हेडलाइट दोनेक मिनिटं पेटवून बंद केले, कारण चार्जिंगवरून काढल्या काढल्या आकडा फुगलेला दिसतो. थोडं थांबून मोजलं तर १२.६ व्होल्ट. उभ्या गाडीला एवढे असले की बॅटरी भरलेली. १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली गेली की जवळपास रिकामी. हे तीन आकडे मी आता गाडीच्या कप्प्यात लिहून ठेवलेत.

पुढची तपासणी मी पहिल्यांदाच पाहिली. इंजिन सुरू होऊ नये म्हणून कॉइलची वायर काढली आणि पोराला सेल्फ मारायला सांगितलं. मीटर बॅटरीच्या दोन टोकांवर होता, आकडा १०.८ पर्यंत उतरला. ९.६ च्या खाली गेला नाही, म्हणजे बॅटरी दमदार. तरी सेल्फ रेंगाळतच होता. मग त्यांनी मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर आणि दुसरं थेट इंजिनच्या ब्लॉकवर दाबून धरलं आणि पुन्हा सेल्फ मारायला लावला. तिथे जवळजवळ शून्य यायला हवं, ०.२ पर्यंत चालतं. आमच्याकडे ०.९ आले. सेल्फला दीड-दोनशे अँपिअर लागतात, आणि परतीच्या वाटेवर एवढा अडथळा! इंजिन आणि बॉडीमधली तांब्याची विणलेली पट्टी त्यांनी सोडवून माझ्या हातात दिली. वरून ठीकठाक दिसत होती. बोल्टखालचा डोळा उलटा केला तर आत हिरवट भुकटी, आणि बॉडीवर ती जिथे बसायची तिथे रंगाखाली गंज चढलेला. आमच्याकडच्या पावसात गाडी शेडमध्ये असली तरी दमट हवा आत शिरतेच. ती जागा पत्रा चकाकेपर्यंत घासली, नवी पट्टी बसवली, वरून ग्रीस लावलं. सेल्फ मारल्यावर पुन्हा मोजलं, ०.१. सेल्फचा आवाजच बदलला.

पण भरण्याचा प्रश्न शिल्लक होताच. डायनमोच्या दोन्ही वायरी काढून डी (वीज बाहेर देणारं) आणि एफ (फील्डचं) ही टर्मिनलं एका तुकड्याने जोडली, मीटर तिथून बॉडीला लावला आणि इंजिनचा वेग हळूहळू वाढवला. तब्येतीचा डायनमो इथे झपकन चढतो, वीस व्होल्टच्या पुढे जाऊ नये म्हणून वेग आवरावा लागतो. आमचा चार-पाच व्होल्टवर अडकला. अगदीच एखादा व्होल्ट आला असता तर फील्ड कॉइलवर, म्हणजे चुंबकत्व तयार करणाऱ्या गुंडाळीवर संशय. चार-पाच म्हणजे आर्मेचरकडे, आतल्या फिरणाऱ्या भागाकडे बघायचं. हे सगळं गाडीवरच, एकही पार्ट न बदलता कळलं. रेग्युलेटरची डबी तोवर उघडलीसुद्धा नव्हती. डबीतले स्क्रू आधी फिरवणाऱ्यांवर मिस्त्रींचा फार राग आहे, आणि तो मला पटतो. डायनमोच वीज देत नसेल तर डबी काय वाटणार?

डायनमो खाली उतरवला. आर्मेचरच्या टोकाचं तांब्याच्या पट्ट्यांचं कडं, म्हणजे कॉम्युटेटर, काळाकुट्ट, त्यावर टेकून वीज घेणाऱ्या कार्बनने पाडलेली घळ, आणि पट्ट्यांमधला मायका (वीज अडवणारा थर) पट्ट्यांच्या वर आलेला. त्यामुळे कार्बन टेकतच नव्हते, नुसते उडत होते. इथे उद्यमनगराचा फायदा दिसतो. आर्मेचर घेऊन पोरगं चार दुकानं सोडून लेथवाल्याकडे गेलं आणि चहा होईपर्यंत हलकी काट मारून परत आलं. दुसऱ्या शहरात याच कामासाठी ‘आर्मेचर मिळत नाही, अख्खा डायनमो बदला’ असं ऐकायला मिळतं.

पुढचं काम मिस्त्रींनी स्वतः केलं. हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा, दोन्ही बाजूंनी घासून पट्ट्यांमधल्या फटीएवढा पातळ केलेला. आर्मेचर मांडीवर फडक्यात धरून एकेका फटीतला मायका अर्धा-पाऊण मिलिमीटर खाली घेतला. एक फट झाली की फुंकर मारायची, उजेडाकडे तिरपं धरून बघायचं, कडेचा बारीक तांब्याचा काटा काढायचा, मग पुढची. घाई नाही, मधे बोलणं नाही. शेवटी नखाने फिरवून बघितलं आणि मलाही फिरवायला दिलं. प्रत्येक फट नखाला सारखी लागत होती. नवे कार्बन बसवले, मागचा झिजलेला बुश बदलला आणि मागच्या टोकाच्या भोकात इंजिन ऑइलचे दोन थेंब सोडले. ते भोक कशासाठी आहे हे आमच्याकडे इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. सर्व्हिसिंगला दोन थेंब पुरतात, जास्त घातलं तर तेल कार्बनवर जातं.

गाडीवर चढवल्यावर, वायर जोडण्याआधी, बॅटरीची जिवंत वायर एफ टर्मिनलला क्षणभर टेकवली. उघडून पडलेल्या डायनमोतलं उरलंसुरलं चुंबकत्व जातं किंवा उलटं होतं, ते असं पुन्हा भरावं लागतं. त्याआधी गाडीचा अर्थ कुठला आहे, म्हणजे बॅटरीचं कुठलं टोक बॉडीला जोडलंय, हे त्यांनी तपासलं. अनेक जुन्या ब्रिटिश बनावटीच्या गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ असतो, नजरचुकीने उलटं झालं तर वाट लागते. पट्टा अंगठ्याने अर्धा इंच दबेल एवढा ताणला. इंजिन चालू करून वेग दिला: १४.२ व्होल्ट, लाल दिवा पूर्ण विझलेला.

आयडलला मात्र दिवा पुन्हा टिमटिमतो. मिस्त्रींनी ते आधीच सांगून ठेवलं होतं: डायनमो सावकाश फिरताना भरत नाही, अल्टरनेटर भरतो. म्हणून राजारामपुरी ते महाद्वार रोड अशा गर्दीतल्या छोट्या फेऱ्यांत ही गाडी जेवढं खाते तेवढंही कमावत नाही. अधूनमधून शिवाजी पुलावरून पन्हाळ्याकडे मोकळी सोडा, असा त्यांचा सल्ला. आम्ही गेलो, उतरताना अंधार आणि पाऊस होता, हेडलाइट-वायपर दोन्ही चालू, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी पहिल्या सेल्फला उठली.

याच गाळ्यात आणखी एक गोष्ट कानावर पडली, ती सगळ्या जुन्या गाडीवाल्यांना सांगण्यासारखी आहे. एक पद्मिनी आली होती, अल्टरनेटर बसवलेली. कुणीतरी इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून ‘चार्जिंग होतंय का’ ते बघितलं होतं. असं केलं की अल्टरनेटरचा दाब क्षणात उसळतो आणि डायोड, रेग्युलेटर जळू शकतात. त्या गाडीत तेच झालं होतं. मीटरने दहा सेकंदांत जे कळतं त्यासाठी हा धोका कशाला?

हॅलोजनचा माझा हट्ट त्यांनी मोडून काढला, तोही आकडे मांडून. मूळचे ४५ वॉटचे दोन बल्ब म्हणजे साडेसात अँपिअर. १०० वॉटचे दोन टाकले तर सोळा-सतरा. लुकासचा सी-४० डायनमो फार तर २२ देतो, त्यात वायपर, मागचे दिवे आणि कॉइल आहेतच. विकायला त्यांच्या फळीवर बल्ब होते, तरी दिले नाहीत. हा माणूस मला तिथे पुरता आवडला.

तक्रारीही सांगते. काम सावकाश होतं, ‘उद्या’ म्हणजे परवा धरून चाला. फोनवर निदान सांगत नाहीत आणि विचारलेलं आवडतही नाही. पावसात गाडी उघड्यावर उभी राहते. बिल म्हणजे वहीच्या कागदावरची एकच रक्कम. काय काय बदललं ते मी समोर बसून लिहून घेतलं, तुम्हीही घ्या. ईसीएमवाल्या (इंजिन कॉम्प्युटरवर चालणाऱ्या) नव्या गाड्यांना ते हात लावत नाहीत, सरळ दुसरीकडे पाठवतात.

पट्टी, कार्बन, बुश, लेथ, बॅटरी चार्जिंग आणि मजुरी मिळून माझे अठराशे रुपये झाले. बॅटरी आधीच्या दुकानातून आणलेली तीच अजून गाडीत आहे.

सकाळी दुकान उघडतानाच जा, दुपारनंतर गल्लीत टेम्पो लागले की अँबॅसेडर वळवायला जागा मिळत नाही. बॅटरीच्या वॉरंटीचा कागद बरोबर ठेवा, काढलेले जुने पार्ट मागून घ्या, ते विनातक्रार देतात. पैसे रोख किंवा यूपीआय, दोन्ही चालतं.